आधी बादलीचं बोलू

प्रश्न बराच लांब होता, आवरून सांगतो. सिंधुदुर्गात, गोव्याच्या हद्दीजवळ एकांचं छोटं वराहपालन आहे: चार माद्या, एक नर, लहानमोठी मिळून तीसेक पिल्लं. खाद्य बहुतेक हॉटेलांचं खरकटं, रोज सकाळी टेम्पोतून पिंपं भरून येतं. पंधरा किलोमीटरवरच्या एका शेडमध्ये आठवड्याभरात चौदा डुकरं गेली, कान आणि पोट लाल-जांभळं होऊन. आता ते विचारतात: कोणती लस देऊ? लस मिळेपर्यंत माल विकून मोकळा होऊ का? शिवाय आईने घरात डुकराचं मटण बंद केलंय, "त्याने मेंदूत किडे होतात" म्हणून. हे खरं का?

मी पशुवैद्यक. बावीस वर्षं झाली, त्यातली निम्मी दक्षिण कोकण आणि गोव्यात. असा फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न लसीचाच असतो, आणि मी उलटा प्रश्न विचारतो: तुमच्या गेटमधून रोज आत काय-काय येतं? तुमच्याकडचं उत्तर तुम्हीच लिहिलंय. पिंपं येतात.

आधी रोगाचं. तुम्ही पाठवलेल्या फोटोतले लाल कान बघून कुठला रोग ते मला सांगता येणार नाही, आणि जो सांगेल त्याचं ऐकू नका. तीन संशयित असतात. पहिला साधा स्वाइन फीवर, ज्याला आपण नुसतं "फीवर" म्हणतो. दुसरा आफ्रिकन स्वाइन फीवर. नावं सख्ख्या भावांसारखी असली तरी दोन्ही विषाणू एकमेकांचे कोणी लागत नाहीत. बाहेरून मात्र लक्षणं इतकी सारखी की शवविच्छेदन करूनही मी छातीठोक सांगू शकलेलो नाही. तिसरा एरिसिपेलस. तो जिवाणूचा रोग, त्यात अंगावर शंकरपाळ्याच्या आकाराचे उंचवटलेले चट्टे येतात आणि वेळेत पेनिसिलीन मिळालं तर डुक्कर उठून खायला लागतं. शंकरपाळे दिसले तर मला आनंद होतो, कारण तिथे माझ्या बॅगेत काहीतरी उपाय असतो. पहिल्या दोघांवर औषध नाही.

आता लस. साध्या फीवरची आहे, आणि अजून दिली नसेल तर द्या. पूर्वी ती सशांच्या प्लीहेपासून बनवत, त्यामुळे तिचा कायमचा तुटवडा असे. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने पेशीसंवर्धनातली (प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर बनणारी) देशी लस २०२० मध्ये आणली, त्याने ससे सुटले. पिल्लू साधारण दोन महिन्यांचं झाल्यावर पहिला डोस, पुढे वर्षातून एकदा. गाभण माद्यांना कधी द्यायची ते तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. पण शेजारी मर चालू असताना घाईघाईने लस टोचायची असेल तर एक बघा: टोचणारा माणूस तीच सुई, तेच बूट घेऊन कुठून आलाय? प्रत्येक जनावराला नवी सुई, हे माझे पैसे कापलेत तरी मी सोडणार नाही.

आफ्रिकन फीवरसाठी आपल्याकडे बाजारात लस नाही. व्हिएतनामने २०२२-२३ मध्ये जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूच्या लशी मंजूर केल्या, मुख्यतः मांसासाठी वाढवायच्या डुकरांना. सुरुवातीलाच काही प्रांतांत लस दिल्यावर डुकरं मेली, तेव्हा वापर काही काळ थांबवावा लागला होता. म्हणून कोणी "बाहेरून आणलीय, देऊन टाकू" म्हणत बाटली घेऊन आला तर त्याला गेटवरूनच परत पाठवा. चीनमध्ये २०२१ च्या सुमारास या विषाणूचे सौम्य प्रकार सापडले, ते बेकायदा लशींतून आले असावेत असा संशय होता. त्यात डुकरं पटापट मरत नव्हती. आठवडेच्या आठवडे अर्धवट आजारी राहून रोग पसरवत होती. पालकाच्या दृष्टीने हे मरीपेक्षा वाईट, कारण कळतच नाही.

हा रोग फिरतो कसा ते बघितलं की बादलीचं महत्त्व कळतं. १९२१ मध्ये केनियात त्याची पहिली नोंद झाली. तिथल्या रानडुकरांत आणि गोचिडांत तो मुरलेला होता, रानडुकरं त्याने मरत नव्हती. युरोपियन वसाहतवाल्यांनी नेलेली पाळीव डुकरं मेली. २००७ मध्ये तो काळ्या समुद्राकाठच्या जॉर्जियात निघाला. बंदरात लागलेल्या जहाजांवरचं खरकटं तिथल्या मोकाट डुकरांनी खाल्लं असावं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. २०१८ मध्ये चीन, २०२० मध्ये अरुणाचल आणि आसाम, २०२२ च्या जुलैत केरळातलं वायनाड. हा विषाणू हवेवर लांब जात नाही. स्वतः होऊन तो फार हळू सरकतो, रानातल्या रानात. हजारो किलोमीटरच्या उड्या त्याला माणसाने मारून दिल्या: मांसाच्या पिशवीतून, टेम्पोच्या फळ्यांवरून, चपलांच्या तळव्यांतून.

तो मांसात टिकतोही भयंकर. गोठवलेल्या मांसात वर्षानुवर्षं, मिठात मुरवून वाळवलेल्या मांसात कित्येक महिने. आता तुमच्या टेम्पोत गोव्याकडच्या हॉटेलांची पिंपं असतात. त्या स्वयंपाकघरात चोरिसच्या, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजच्या, माळा सोललेल्या असतात, सोरपोतेल (डुकराच्या मटणाचं गोवन कालवण) करताना कापून टाकलेली चरबी-कातडं असतात. शिजलेल्या पदार्थाची मला भीती नाही. कच्चे तुकडे त्याच पिंपात पडतात याची आहे. हॉटेलवाल्याला "डुकराचं वेगळं काढा" सांगून बघितलंय मी. पहिले चार दिवस काढतात. मग नवा पोऱ्या येतो.

ब्रिटनमध्ये २००१ साली लाळ्या-खुरकताची मोठी साथ आली, साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. उगम शोधत गेले तेव्हा नॉर्थंबरलँडमधल्या एका डुक्कर-फार्मवर पोचले, जिथे नीट न उकळलेलं खरकटं घातलं जात होतं. त्याच वर्षी त्यांनी खरकटं घालण्यावरच बंदी आणली. मी तुम्हाला बंदी सांगणार नाही. वराहपालनात एकूण खर्चाचा दोनतृतीयांश ते तीनचतुर्थांश भाग खाद्याचा असतो, आणि खरकटं फुकट आहे म्हणून तुमचा धंदा उभा आहे हे मला कळतं. सांगणं एवढंच की ते उकळा, आणि उकळणं म्हणजे काय ते समजून उकळा.

आंतरराष्ट्रीय पशुआरोग्य संघटनेचा मापदंड आहे: किमान ९० अंश सेल्सिअस, किमान ६० मिनिटं, सतत ढवळत. या तीन अटींतली तिसरीच लोक विसरतात. घट्ट खरकटं पिठल्यासारखं वागतं. कडेला बुडबुडे फुटत असतात आणि मधला गोळा कोमट असतो. म्हणून आधी पाणी घालून पातळ करा, मोठे तुकडे आणि हाडं काढून टाका, पूर्ण भांड्याला उकळी फुटल्यावर घड्याळ लावा आणि तासभर कोणीतरी काठी घेऊन उभं राहू दे. सरपण लागतं, माणूस अडकतो, मान्य. तो खर्च धरून हिशेब करा. दोन-तीन पालकांनी तो केला आणि त्यांना खरकटं तितकंसं फुकट वाटेना. ते आता निम्मं भाताचा कोंडा आणि खोबऱ्याची पेंड घालतात, हंगामात काजूची बोंडं. वाढ थोडी सावकाश होते, झोप बरी लागते.

उकळण्याची जागा गेटबाहेर हवी. कच्चं पिंप आत येता कामा नये. कच्च्याची बादली लाल, शिजलेल्याची निळी, आणि लाल बादली आत दिसली की दंड, असं एका मावशींनी त्यांच्या शेडवर ठेवलंय. दंड त्यांच्या नवऱ्यालाच जास्त बसतो. जाता जाता अजून एक: हॉटेलचं खरकटं खारट असतं. लोणची, पापड, सुकं मासळीचं कालवण. पाणी कमी पडलं तर डुकराला मिठाची विषबाधा होते, ते गोल फिरतं, झटके येतात, आणि लोक त्यालाही "फीवर आला" म्हणतात. पाणी चोवीस तास हवं.

बूट-चपलांचं मी उगाच लिहीत नाही. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एका शेडवर मेलेली डुकरं बघायला गेलो होतो. फीवरच असावा असं वाटलं. हात धुतले, गमबूट नळाखाली धरले, आणि दुपारी दहा किलोमीटरवर दुसरीकडे एक मादी अडली होती तिथे गेलो. पिल्लं सुखरूप निघाली, चहा प्यालो. नवव्या दिवशी तिथे पहिली मादी तापली. त्या पालकाने मला कधी दोष दिला नाही, कदाचित तो रोग दुसऱ्या वाटेनेही आला असेल. पण मी तारखा मोजल्या होत्या. तेव्हापासून बूट आधी ब्रशने घासून, शेण-माती पूर्ण काढून, मग जंतुनाशकात. घाणीवर ओतलेलं जंतुनाशक घाणच पितं. आणि मर असलेल्या शेडवरून आलो की त्या दिवशी दुसऱ्या शेडवर जात नाही. तुमच्याकडे येणाऱ्या डॉक्टरलाही, मला धरून, तुमचेच बूट घालायला लावा. वाईट वाटलं तर वाटू दे.

तोच नियम व्यापाऱ्याच्या टेम्पोला. तो सकाळपासून चार शेड हिंडून आलेला असतो, म्हणून टेम्पो रस्त्यावर थांबेल आणि डुकरं तुम्ही बाहेर आणून द्याल. नर फिरवायचा बंद. तुमचा नर शेजारच्या माद्यांना जातो असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. एवढी मर चालू असताना हे ताबडतोब थांबवा. नवं जनावर घेतलं तर तीस दिवस वेगळं, वेगळ्या माणसाच्या हाताखाली, किंवा माणूस एकच असेल तर त्याने त्याचं सगळ्यात शेवटी करायचं.

"माल विकून मोकळा होऊ का?" याचं उत्तर मी थोडं कठोर देणार. तुमच्या जनावरांना आज ताप नसेल आणि खाणं व्यवस्थित असेल, तर वजनात आलेली डुकरं नेहमीच्या गिऱ्हाइकाला, डॉक्टरांनी तपासून, द्यायला हरकत नाही, तुमच्या भागात हालचालीवर बंदी आलेली नसेल तर. पण मरगळलेलं, तापलेलं एक जरी असेल तर एकही विकू नका. आफ्रिकन फीवरचा संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत चार ते एकोणीस दिवस जातात. भीतीपोटी विकलेलं डुक्कर खाटकाकडे जातं, मांस हॉटेलात, कापलेले तुकडे पिंपात, आणि पिंप पुन्हा कोणाच्या तरी शेडवर. कदाचित तुमच्याच.

मर झालीच तर काय करायचं? स्वतः कापून बघू नका, रक्त सांडलं की तिथली जमीन दूषित. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. साथीचे रोग कळवणं २००९ च्या केंद्रीय कायद्याने बंधनकारकच आहे. नमुने सरकारी माणसं घेतील, आफ्रिकन फीवरचा निकाल भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेतून पक्का होतो. तो आला तर एक किलोमीटरच्या आतली डुकरं मारतात आणि दहा किलोमीटरपर्यंत लक्ष ठेवतात. हे ऐकूनच लोक लपवतात, मला माहीत आहे. पण भरपाई सहसा सरकारने मारलेल्या जनावरांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. म्हणजे उशिरा कळवणाऱ्याच्या हातात काहीच उरत नाही. पंधरा किलोमीटरवरच्या त्या शेडचं कोणी कळवलंय का, ते आधी विचारा. कळवलं नसेल तर तुम्ही कळवा.

दुकानदाराने दिलेलं अँटिबायोटिक तुम्ही "सेफ्टी म्हणून" खाद्यात घालताय, ते थांबवा. विषाणूवर त्याचा शून्य उपयोग, आणि मांसात अंश राहतात. प्रत्येक औषधाच्या लेबलवर शेवटच्या डोसनंतर किती दिवस कत्तल करायची नाही ते लिहिलेलं असतं, तेवढे दिवस ते डुक्कर विकता येत नाही. पुडीवर कोलिस्टिन लिहिलं असेल तर ती टाकून द्या, ज्यांचं मांस-दूध-अंडी माणूस खातो अशा जनावरांत त्यावर २०१९ पासून बंदी आहे.

आता इथवरचं एका वाक्यात धरा, कारण पुढे विषय वळतोय: साध्या फीवरची लस द्या, पिंपं गेटबाहेर उकळा, बूट-टेम्पो-नर गेटवर अडवा, तापलेलं विकू नका.

आफ्रिकन फीवर माणसाला होत नाही, साधा फीवरही नाही. म्हणजे आईंची भीती या रोगाची नाहीच. त्यांची भीती पट्टकृमीची आहे, आणि ती निम्मी बरोबर आहे. निम्मी का ते सांगतो, कारण यात भले शिकलेले लोकही गोंधळतात.

डुकराच्या मांसात कधीकधी साबुदाण्याच्या दाण्यासारख्या गाठी असतात, आत पट्टकृमीची अळी. असं मांस अर्धकच्चं खाल्लं तर आतड्यात मोठा पट्टकृमी वाढतो, काही मीटर लांब. आतड्यात. मेंदूत नाही. तो त्या माणसाला फारसा त्रासही देत नाही, पण त्याच्या शौचातून अंडी बाहेर पडत राहतात. ती अंडी न धुतलेल्या हाताने, पाण्यातून, कच्च्या भाजीतून ज्याच्या पोटात जातात, त्याच्या मेंदूत गाठी होऊ शकतात. मग फिट येतात. जिथे हा कृमी मुरलेला आहे अशा भागांत एपिलेप्सीच्या साधारण तीस टक्के रुग्णांमागे हेच कारण असतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि म्हणूनच जन्मात मटणाला हात न लावलेल्या माणसाच्याही मेंदूत या गाठी निघतात. शाकाहारी घरातल्या लोकांना हे सांगितलं की ते माझ्याकडे संशयाने बघतात.

डुकरालाही ते तसंच होतं: माणसाचं शौच खाऊन. गोव्यात काही घरांच्या संडासाखाली डुकरं असायची, ते जुन्या माणसांना आठवत असेल. तिथे हे चक्र अगदी हातभर अंतरात फिरायचं. तुमची डुकरं पक्क्या फरशीवर, कुंपणात आहेत, त्यामुळे निम्मं काम झालंय. उरलेलं निम्मं म्हणजे कामगार. तुमचे दोन कामगार बाहेरगावचे आहेत, शेडला लागून राहतात, आणि त्यांच्या संडासाचा उल्लेख तुम्ही लिहिलेल्यात नाही. तो बांधा. साबण ठेवा. त्यांना वर्षातून एकदा डॉक्टरकडे नेऊन शौच तपासून घ्या. जंताची गोळी दुकानातून आणून आपल्या मनाने देऊ नका, कारण मेंदूत आधीच गाठी असतील तर काही औषधांनी झटका येऊ शकतो.

डुकरांसाठी या कृमीची लसही आहे, ऑस्ट्रेलियात शोधलेली आणि हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सने बनवलेली. जोडीला ऑक्सफेंडाझोल या जंतनाशकाचा डोस दिला तर आधीच्या गाठीही मरतात. मोकाट डुकरांच्या गावात मी तिच्यासाठी भांडेन. तुमच्या बंदिस्त शेडमध्ये मी आधी संडासावर पैसे घालीन.

मटण मात्र नीट शिजवा. आतून गुलाबी राहिलेलं नको, कापल्यावर निघणारा रस स्वच्छ हवा, खिमा आणि चोरिस तर पूर्ण. आपल्या पद्धतीने व्हिनेगर-मिरचीत तासभर रटरटलेल्या मटणात कुठलीही अळी जगत नाही. आईंना नुसतं "काही होत नाही" म्हणण्यापेक्षा हे सगळं सांगा; त्यांनी भाजी धुण्याबद्दल आणि कामगारांच्या हातांबद्दल तुम्हाला झापलं तर ते बरोबरच असेल.

तुम्ही विचारलं नाहीत, पण फोटोत दिसलं म्हणून दोन गोष्टी. पत्र्याखाली माद्या तोंड उघडून धापा टाकतायत. डुकराला माणसासारखा घाम येत नाही, ते चिखलात लोळतं ते त्यासाठी. पत्र्यावर नारळाच्या झावळ्या टाका, दुपारी फवारा मारा. उन्हाने दमलेलं जनावर खात नाही, आणि न खाणारं कुठल्याही रोगाला आधी बळी पडतं. दुसरं, पिल्लं पांढुरकी दिसतायत. आईच्या दुधातून त्यांना रोज जेमतेम एक मिलिग्रॅम लोह मिळतं, लागतं सातेक. मातीत उकरणारं पिल्लू ते मातीतून भरून काढायचं; फरशीवरच्याला तिसऱ्या दिवशी लोहाचं इंजेक्शन द्यावंच लागतं. तुमची ती वेळ टळून गेलीय, पण तरी उद्या द्या.

आणि एक थर्मामीटर घ्या. निरोगी डुकराचं तापमान ३९ अंशांच्या आसपास असतं. या दोन्ही फीवरमध्ये ते ४०.५ च्या वर जातं, बहुतेकदा कान लाल व्हायच्या आधी. पुढचे वीस दिवस रोज सकाळी, खायला घालायच्या आधी, चारही माद्या, नर आणि चार-पाच पिल्लं मोजून वहीत लिहा, तारीख टाकून. पहिल्या तीन दिवसांचे आकडे इथेच लिहा, आणि टेम्पो नक्की कुठल्या-कुठल्या प्रकारच्या हॉटेलांतून येतो तेही. मग पुढचं बोलू.